एकसष्ट तासांचं काम

मी निकिताचा कॉम्प्युटर. माझे पंखे अजून गरम आहेत, पण आजच बोललो नाही तर आमची चूक पुन्हा कुठल्या तरी घरात होईल. म्हणून बोलतोय.

नगरच्या एका दुकानात माझी जुळणी झाली. पहिली चार वर्षं मी एका स्टुडिओत लग्नाचे अल्बम केले. नवरा-नवरीच्या मागचा मंडप काढायचा आणि तिथे धबधबा लावायचा, एवढंच काम. स्टुडिओवाल्याने नवं मशीन घेतलं आणि मी पोत्यात गुंडाळून शेवगावजवळच्या या वस्तीवर आलो. निकिता भूगोल घेऊन पदवीधर झालेली. तिने माझ्या पंख्यांत अडकलेला कचरा ब्रशने काढला आणि म्हणाली, "धबधबे बास. आता खरं काम."

तेव्हापासून मला स्वस्थ बसवत नाही.

खरं काम या एप्रिलमध्ये आलं. गावाला पाझर तलाव मंजूर झाला होता आणि जागा ठरत होती माळावर. निकिता सांगून सांगून दमली, की माळावर पाणी येतच नाही, ते नाल्याकडे वळतं. लोक म्हणाले, "दाखव की मग." ठराव होणार एक मेच्या ग्रामसभेत, शुक्रवारी सकाळी दहाला. निकिताने ठरवलेला ड्रोनवाला शिवाराचे फोटो देणार मंगळवारी संध्याकाळी. अठराशे फोटो जुळवून मला जमिनीच्या चढउताराचा नकाशा करायचा होता. माझ्या वेगाने एकसष्ट तास. हातात होते त्रेसष्ट. मध्ये इन्व्हर्टर उतरेल इतका वेळ लाईट गेली की संपलं.

"ओव्हरक्लॉक करू," निकिता म्हणाली. म्हणजे कारखान्याने ठरवून दिलेल्या वेगापेक्षा मला जास्त पळवायचं.

तिचा भाऊ रविराज वायरमन. तो उखडला. "निके, मोटर जास्त ताणली की काय हुतं, म्हाईत हाय ना? कॉइल जळती."

"दादा, ही मोटर नाही. फुकटात बारा तास वाचतायत!"

"फुकटात काय न्हाई. व्होल्टेज वाढवशील, गरम हुईल, आयुष्य घटंल. आन् बंद पडला तर नवा कोन घेनार? तुजा ड्रोनवाला?"

त्याचं खरं होतं. पण मला विचाराल तर मी मनातून निकिताच्या बाजूचा होतो. साडेतीन गिगाहर्ट्झवर आयुष्यभर रांगायचं, आणि अंगात चार पॉइंट चारपर्यंत पळायची ताकद आहे हे ठाऊक असायचं! मोठा पंखा लावून रविवारी दिवसभर त्यांनी माझी चाचणी घेतली. पारा ब्याऐंशीच्या वर गेला नाही. एकदाही अडखळलो नाही. रविराजसुद्धा म्हणाला, "पळतंय की गं!"

मंगळवारी सातला काम सुरू झालं. काय सांगू! फोटोंमागून फोटो मी असे जुळवत होतो, की निकिता जेवायचं ताट घेऊन माझ्यासमोरच बसली. बुधवारही पळण्यात गेला. गुरुवारी सकाळी नकाशाचा मोठा भाग पडद्यावर उतरला.

निकिताची आई, मालनबाई, चहा ठेवायला आल्या आणि वाकून बघू लागल्या.

"ह्यो नाला ना? मग हितं रतनबाईचं रान."

"हो आई."

"आन् ह्यो खड्डा कसला?"

"खोलगट जमीन आहे तिथे."

"काय बाई, खोलगट! टेकाड हाय तितं. भर उन्हात चढून खुरपायला जाती मी. तुज्या कॉम्प्युटरनी कंबर मोडून घेतलीय का माज्यावानी?"

निकिताने मूळ फोटो उघडले. टेकाडच होतं. मग तिला असे आणखी सहा खड्डे सापडले.

मी बंद पडलो नव्हतो, अडखळलो नव्हतो. मी पळता पळता खोटं बोललो होतो, आणि मला ते कळलंही नव्हतं.

रविराजने डोक्याला हात लावला; चूक कुठे झाली ते त्याला कळलं. आमच्या वस्तीला शेतीच्या लाईनीवरची लाईट. मोटरी चालवणारी थ्री फेज वीज एक आठवडा रात्री असते, एक आठवडा दिवसा. चाचणी झाली तो रात्रपाळीचा आठवडा, त्यामुळे दिवसभर लाईन शांत होती. सोमवारी पाळी बदलली. आता रोज सकाळी आठला थ्री फेज येते आणि वीज येताच मोटर आपोआप सुरू करणारे वस्तीवरचे सगळे ऑटो स्टार्टर एकदम मोटरी चालू करतात. ते ऑटो रविराजनेच बसवलेले! व्होल्टेज खाली-वर, इन्व्हर्टरची कटकट. मूळ वेगावर हे धक्के मी वर्षभर पचवत आलो होतो. वाढवलेल्या वेगात पचवायला दमच उरला नव्हता; आकडेमोड गुपचूप चुकत गेली.

"अजून टाईम हाय, ह्येचं व्होल्टेज थोडं वाढवून बगू," आता रविराजच म्हणत होता. "सभेत कोन येवढं बारीक बगतंय?"

निकिताने मान हलवून नकार दिला. मग तिने माझा वेग पहिल्यासारखा केला. उरलेल्या तेवीस तासांत सगळं होणार नव्हतं. तिने नाल्याच्या दोन्ही बाजूंचे सहाशे फोटो ठेवले, बाकीचे बाजूला काढले. रविराज वस्तीवर घरोघर गेला, "ऑटो काडा, उद्यापातुर एकेकानं मोटर चालू करा," म्हणून हात जोडत. वीस तास मी बैलगाडीच्या चालीने चाललो. टेकाड टेकाडासारखं दिसलं.

सभेत काय झालं ते मालनबाई निकिताच्या वडलांना सांगत असताना मला ऐकू आलं. कोणीतरी खिदळत म्हणालं, "अर्धाच नकाशा? मग तळं बी अर्धंच खांदायचं का?"

निकिता म्हणाली, "जवळजवळ सगळा नकाशा होता माझ्याकडे. खोटा होता, म्हणून घरी ठेवला. हा जेवढा आहे तेवढा खरा आहे. माळावरचं मला अजून सांगता येत नाही. नाल्याकडचं येतं."

माळावरचा ठराव थांबला. पुढच्या सभेआधी दोन्ही जागांची मोजणी होणार. जिंकलो असं नाही, पण चुकीच्या जागी कुदळ पडली नाही.

आता भाऊ-बहीण पुन्हा माझ्यासमोर बसलेत. चार पॉइंट एकवर बघू म्हणतात. मला हवंच आहे, खोटं कशाला बोलू? पळायची ओढ काही गेलेली नाही. तुम्हीही तुमचं मशीन पळवा, भिऊ नका. फक्त त्याची परीक्षा शांत रविवारी घेऊ नका. सगळ्या मोटरी एकदम चालू होतात त्या सकाळी घ्या. आणि त्याने काढलेलं उत्तर, ज्याचे पाय त्या जमिनीवर पडलेत, अशा माणसाला एकदा दाखवा.