शांततेचा खेळ

“रुमालाच्या घड्या घालायला या बाईंनी शिकवायचं, आणि शेंबूड पुसायला मात्र आम्ही!” बालघरातल्या मावशी मुनीच्या आईच्या कानाशी पुटपुटल्या. आईला हसू फुटलं, ते तिने पदरात दाबलं. पालकांना वर्गात बसायची परवानगी क्वचितच मिळे. तीही कोपऱ्यात, गुडघे हनुवटीला टेकतील अशा बुटक्या खुर्चीत, तोंडाला कुलूप लावून.

समोर चटईवर तिचा अडीच वर्षांचा मुनी एका भांड्यातलं पाणी दुसऱ्यात ओतत होता. सांडलेला थेंब टिपायचा, पुन्हा ओतायचं. शेजारी कुणाचा तरी ठोकळ्यांचा मनोरा धाडकन कोसळला. सगळी पोरं दचकली. मुनीची मानसुद्धा हलली नाही.

“काय एकाग्रता!” मोठ्या बाई नेहमीसारखं हळूच म्हणाल्या. कामात बुडालेल्या मुलाला हाक मारायची नाही, हा इथला पहिला नियम. मुनी तर सदा बुडालेलाच. त्यामुळे तो आल्यापासून त्याला कुणी हाकच मारली नव्हती.

बाईंचं ते कौतुक आई रोज उशाशी घेऊन झोपायची. मुनी अजून ‘आई’ म्हणत नव्हता. सासूबाई म्हणायच्या, “याचा बापही असाच, तोंडात गुळणी धरून होता की!” परवा नवऱ्याने मुद्दाम मुनीच्या पाठीमागे पातेलं आपटलं. पोर वळलं. दोघं सुटल्यासारखी हसली. जमीन हादरली म्हणून वळला असेल, असं तिच्या मनात आलं. ते तिने चहाच्या घोटाबरोबर गिळलं. आणि ती स्वतः? तीही त्याला हाक मारत नसे. खांद्याला हात लावायची. कधीपासून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

आज या मुलांचा शांततेचा खेळ पहिल्यांदाच होता. बाईंनी ओठांवर बोट ठेवलं. पोरांनीही ठेवलं आणि सगळी दाराकडे पाठ करून बसली. बाई दाराआड गेल्या. तिथून एकेकाचं नाव कुजबुजायचं. ज्याचं येईल त्याने पाऊल न वाजवता त्यांच्याकडे जायचं.

एकेक उठून गेलं. चटईवर मुनी उरला, पाठ ताठ करून.

“मुनी…”

मावशी छताकडे बघायला लागल्या.

“मुनी.” ही कुजबूज नव्हती. मग सरळ हाकच आली, “मुनी!”

बाई दारात आल्या. “आज फारच रंगलाय,” त्या म्हणाल्या, पण आईकडे न बघता.

“झोप आली असेल लेकराला,” मावशींनी घाईघाईने जोडलं.

आई उठली. बुटकी खुर्ची कमरेला अडकून तिच्याबरोबरच उठली. कुणी हसलं नाही. ती मुनीच्या समोर जाऊन बसली. तिला बघून तो खुलला, आणि बाईंनी शिकवल्याप्रमाणे त्याने तिच्या ओठांवर आपलं इवलंसं बोट ठेवलं. गप्प.

तिने ते बोट मुठीत धरलं.

“बाई, माझ्या बाळाला ऐकू येत नाही.”