गळ्यापर्यंत भरलेली टाकी

मागच्या वर्षीपर्यंत मी वर्गात हात वर करायलाही घाबरायची. मग वक्तृत्व स्पर्धेत पहिली आले आणि माझं तोंड जे उघडलं ते उघडलंच. त्यामुळे पप्पांच्या गाडीचं काम निघालं तेव्हा त्याचा व्हिडिओ मीच करणार, हे ठरवायचीही गरज पडली नाही.

पप्पा ऊर्जानगरला वीज केंद्रात नोकरीला. दिवाळीच्या सुट्ट्यांत आम्ही दोघं मोटरसायकलवर आष्टी, आलापल्ली, सिरोंचा करत थेट समुद्रापर्यंत जाणार होतो. चंद्रपूरच्या मेकॅनिक कुलदीपभाऊंनी पेट्रोलची जुनी टाकी काढून जवळपास दुप्पट मोठी बसवली. मागे कडक स्प्रिंगचा नवा शॉकअप टाकला, पुढच्यात जाड तेल भरलं. आधी आम्ही दोघं आणि सामान असलं की गाडी खड्ड्यात धाडकन तळाला टेकायची. आता आम्हाला बॅगांसकट बसवून, गाडी किती दबते ते टेपनं मोजून, भाऊंनी स्प्रिंग आवळली. टेपचं एक टोक माझ्या हातात होतं आणि दुसऱ्या हातात मोबाईल.

"मित्रांनो," मी ठासून बोलले, "आता खड्डा आला तरी ब्रेक नाही, आणि जंगलात कोणाच्या बाटलीतल्या पेट्रोलवर अवलंबून राहायची गरज नाही! कुठेही न थांबता!"

लगेच स्टेटसला टाकला. शाळेतल्या बाईंनीसुद्धा वा वा केलं.

बाटलीतलं पेट्रोल कोण विकतं, हे माझ्या डोक्यातच आलं नाही.

कुंता आत्या विकते. पप्पांची मोठी बहीण. आष्टीच्या पुढे रस्त्याला लागूनच तिचं टपरीवजा दुकान आहे. चहा, बिस्किटं आणि टेबलावर पेट्रोलच्या बाटल्या. पुढे जंगलातले पंप कधी चालू, कधी बंद. म्हणून दक्षिणेकडे जाताना आम्ही दरवेळी तिच्याकडे थांबायचो. ती नरसाळ्यात जुन्या लुगड्याचा तुकडा ठेवून पेट्रोल गाळायची आणि झिंग्यांची भाजी खाल्ल्याशिवाय सोडायची नाही. तिच्या दुकानासमोर एक मोठा खड्डा आहे. गाडी तिथं हळू व्हायची आणि आपोआपच थांबायची.

त्या सकाळी गाडी हळू झालीच नाही. नव्या शॉकअपनं खड्डा असा गिळला की मला हसूच आलं. आत्या रस्त्याच्या कडेला आलेली होती. एका हातात नरसाळं, दुसरा हात आम्हाला थांबवायला वर. दुकानात चहा पिणारे दोघं-तिघं आमच्याकडेच बघत होते. मी मिरवणुकीत असल्यासारखा हात हलवला. आणि मागे वळून पाहिलं तर आत्या तो वर केलेला हात पदरात घेऊन मान पुसत होती. जणू हात त्यासाठीच वर केला होता.

माझं हसू तोंडातच सुकलं. मी पप्पांची पाठ बडवली.

"आत्याकडे काऊन नाही थांबलो?"

"एकदा थांबलो की दुपार होते बेटा. येताना थांबू नं." त्यांनी गाडी बाजूला घेतली, पण माझ्याकडे बघेनात. "आता परत जाऊन सांगू काय?"

"सांगायचं पेट्रोल संपत आलं! मी बोलते."

बोलण्याचीच तर मला मस्ती होती.

आम्ही वळलो. आत्या म्हणाली, "आले का? मले वाटलं दुसराच कोणी असन. आमचा प्रफुल असा नाई जात."

"आत्या, पेट्रोल पाहिजे," मी म्हणाले. "संपत आलं."

पप्पा चावी देईनात. तिनंच हात पुढे करून ती घेतली, टाकीचं झाकण उघडलं, नरसाळं लावायला वाकली आणि तशीच थांबली. मलाही दिसलं. पेट्रोल पार गळ्यापर्यंत होतं. आताच आष्टीच्या पंपावर भरलेलं. त्यात सूर्य चमकत होता.

चहावाल्यांपैकी एकानं विचारलं, "किती टाकतं बाई?"

"टाकतो नं, थांब," आत्या म्हणाली आणि झाकण लावून टाकलं. मग हळूच, फक्त आम्हाला ऐकू येईल असं, "थेंब नाई मावत यात."

"आत्या, ते हलून हलून वर येतं..." माझा आवाज माझाच मला चिरका वाटला.

"राहू दे व रिना. पायला मी तुहा व्हिडिओ. गावात समद्यायले दाखवला. माही भाची पाय कशी बोलते म्हटलं." तिनं बाटलीचं बूच परत घट्ट केलं. "ते बाटलीतल्या पेट्रोलचं आलं का आवाज बारीक करतो मी."

पप्पांनी मान खाली घातली. माझे कान तापले. आत्यानं डबा आणून मागच्या बॅगेत कोंबला. भाजी सकाळीच करून ठेवली होती.

"'बस नं' म्हणत नाई आता. तुमाले जायचं हाये. येताना लागन पेट्रोल?"

"लागेल," पप्पा म्हणाले.

समुद्र पाहिला. फोटो काढले, व्हिडिओ एकही नाही. तो जुना मी पुसून टाकला होता, पण आत्यानं पाहिलेला कसा पुसणार?

परतताना सिरोंच्याच्या अलीकडे पंप लागला. पप्पांनी वळवलं नाही. आलापल्लीला लागला. तोही मागे गेला. रिझर्व्हचा दिवा लागला, तरी पप्पा सरळच. शेवटी आत्याच्या दुकानाच्या बरंच आधी गाडीनं दोन आचके दिले आणि बंद पडली. पप्पा हँडल धरून, मी मागून. घाम, धूळ आणि ती भलीमोठी रिकामी टाकी. खड्ड्यात तर गाडी अडकलीच.

आत्या दारात उभी. "ढकलत काऊन आणली?"

"पेट्रोल संपलं बाई," पप्पा म्हणाले.

"खरंच संपलं, आत्या," मी म्हणाले.

तिनं आमच्याकडे पाहिलं नाही. टाकीवर बोटांनी टक टक वाजवलं, आवाज पोकळ आला. तरी झाकण उघडून तिनं आत डोकावून पाहिलं. नीट, वाकून.

मगच ती नरसाळं आणायला गेली.