कुठल्या घरची

प्रभुअण्णांनी बशी खाली ठेवली आणि नव्या सुनेकडं बोट केलं.

“ही स्पेनची? ही?”

लुपे जमखान्यावर मांडी घालून बसली होती. नेसवलेली इरकल तिच्या खांद्यावरून सारखी घसरत होती. रंगानं ती सासूपेक्षा, शिवम्मापेक्षा थोडी सावळीच. आणि शाहूपुरीतल्या त्या घरात पंधरा दिवस नुसता गाजावाजा, गोरीपान सून येणार म्हणून! शिवम्माला रंगाचं काही नव्हतं. तिला धास्ती होती ती या थोरल्या दिराची.

उद्या सकाळी गळ्यात लिंग बांधून लुपेला लिंगदीक्षा द्यायची होती. त्यांच्या मठाची रीत अशी, की स्वामी आधी चारचौघांत विचारणार, मुलगी कुठल्या घरची. आणि घरातल्या थोरल्या माणसानं ते मोठ्यानं सांगायचं. शिवम्माचा नवरा मागेच गेला होता, तेव्हा सांगणारे प्रभुअण्णाच. ते दीक्षेला बसले तर भावकी येणार, सून घरची होणार. ते उठले तर पोरगी पाहुणी म्हणून आली तशी परत जाणार. अठ्ठ्याण्णवला कॉम्प्युटरच्या नोकरीवर टेक्सासला गेलेला तिचा मुलगा सोमेश मग पुन्हा इकडं फिरकेल, याचा शिवम्माला भरवसा नव्हता.

“काका, स्पॅनिशच हाय की,” सोमेश म्हणाला. “घरात तीच भाषा बोलतात.”

“गाव कुठलं स्पेनात?”

“आता टेक्सासला असतात. जुनी माणसं हायत.”

“मी गाव इचारलं.”

सोमेश पायाचा अंगठा चोळत बसला. लुपेनं त्याच्याकडं पाहिलं. लग्नाआधीपासून ती हट्टानं मराठी शिकली होती, आणि आता ते सोमेशच्याच अंगाशी येत होतं.

“हे स्पेन का म्हणतात, सोमेश?”

“नंतर सांगतो.”

“नाही. आत्ता.”

त्यानं मान फिरवली. मग तीच प्रभुअण्णांकडं वळली.

“काका, मी स्पॅनिश नाही. मी मेक्सिकन.”

“मग ह्यो काय सांगत हुता?”

“आमच्याकडे मेक्सिकन म्हणायची लाज वाटली, की लोक स्पॅनिश म्हणतात. जरा बरं ऐकू येतं.” ती शब्द शोधत, थांबत थांबत बोलत होती. “सरकार म्हणतं हिस्पॅनिक. मी लहान होते तेव्हा ते कागदावर आलं. स्पेनचं फार जुनं नाव हिस्पानिया, त्यावरून. कॉलेजात आम्हाला लॅटिनो म्हणायचे. माझी आजी कापूस वेचायची. तिच्या वेळी हॉटेलच्या दारावर पाटी असायची, मेक्सिकन लोकांनी आत यायचं नाही. तिला तेवढं एकच नाव माहीत होतं. तिनं ते बदललं नाही.”

“पण भाषा तर स्पेनचीच न्हवं?”

“स्पेनचे लोक मेक्सिकोत आले, राज्य केलं, भाषा ठेवून गेले. तुम्ही इंग्रजीत सही करता, काका. तुम्ही इंग्रज?”

शिवम्मा ट्रे घेऊन दारातच थांबली. आता काय बोलायचं! या घरात प्रभुअण्णांना असं तोंडावर कुणी विचारलं नव्हतं.

पण प्रभुअण्णा ओरडले नाहीत. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि अगदी समजुतीच्या सुरात बोलले.

“हे बघ सोमेश, कापूस वेचणाऱ्याची नात म्हणून मी स्वामींपुढं नाव घेणार न्हाय. स्पॅनिश म्हणतो. भावकीत कुणाला कळतंय? समद्यांची अब्रू राहती. हिनं फकस्त गप बसायचं.”

“चालंल काका,” सोमेश म्हणाला. फारच लगेच म्हणाला.

लुपे उठली. निऱ्या दोन्ही हातांनी गोळा करून धरल्या.

“मग माझ्या गळ्यात काही बांधू नका. ती स्पॅनिश मुलगी आली की तिला बांधा.”

ती आतल्या खोलीत गेली. बॅग ओढल्याचा आवाज आला.

“अव्वा, तू तरी सांग की तिला,” सोमेश रडवेला झाला. “एका शब्दाचा तर प्रश्न हाय!”

शिवम्मानं ट्रे खाली ठेवला.

“अण्णा, उद्या माझंबी नाव घ्या. पुन्यांदा. नीट.”

“तुझं काय आता?”

“संकेश्वरच्या कुंभाराची लेक म्हणून घ्या.”

सोमेशनं आधी आईकडं, मग काकांकडं पाहिलं. “कुंभार? आपण वाणी न्हवं?”

“तू वाण्याचा. मला वाणी केलं ते तुझ्या काकानं, लग्नात, स्वामींपुढं. मलाबी गपच बसायला सांगितलं हुतं. मी बसले.”

“शिवम्मा, हळू बोल. शेजारी ऐकतील.”

“ऐकू द्या की! माझा बाप मरस्तोवर ह्या घरात पाणी प्याला न्हाय. कुणी वळखलं तर लेकीचं कसं हुईल, म्हणून. दारातनं बघून जायाचा. मला अजून आत जळतंय, अण्णा.”

नजर तिनं खाली घातली नाही. आतला आवाज थांबला होता. लुपे दारात येऊन उभी होती.

प्रभुअण्णांनी टोपी डोक्यावर घातली. “मग मी उद्या येणार न्हाय. सांगा तुमची नावं तुम्हीच.”

उंबऱ्याबाहेर चपला घालताना ते जरा रेंगाळले. दरवेळी त्यांना परत बोलवायला कुणीतरी धावायचं. सोमेश उठला, दारापर्यंत गेला आणि चौकट धरून तिथंच उभा राहिला. चपलांचा आवाज जिन्यावरून खाली गेला.

शिवम्मा भिंतीला टेकून बसली. पदरानं तोंड पुसलं आणि लुपेला खुणेनं जवळ बोलावलं.

“तुझ्या आजीचं नाव काय गं?”

“कॉन्सेप्सिओन.”

“अवघड हाय बाई. सावकाश सांग,” शिवम्मा म्हणाली. “उद्या मला मोठ्यानं म्हणायचंय.”