सावरखेडचं युनिट

राजदीपला दारव्ह्याच्या सहकारी जिनिंग सोसायटीत मॅनेजरची नोकरी लागली, तेव्हा त्याच्या वडिलांनी, बळीरामने, सावरखेडच्या युनिटमध्ये सगळ्यांना पेढे वाटले. बळीराम त्या युनिटमध्ये फिटर होता. कापसातली सरकी काढायची सोसायटीची दोन जिनिंग, एक दारव्ह्यात आणि दुसरं हे सावरखेडचं. बळीरामचं उभं आयुष्य या दुसऱ्यात गेलं होतं. पोरगा नागपुरात एमबीए करून आपल्याच सोसायटीत साहेब झाला, याचं त्याला फार कौतुक होतं, पण घरात तो ते बोलून दाखवत नसे.

ती वर्षं कापसाला वाईट होती. सरकारी खरेदी आटली होती, खासगी व्यापारी गावोगाव गाड्या घेऊन उतरत होते आणि दोन्ही जिनिंगला पुरेल इतका कापूस सोसायटीकडे येत नव्हता. अध्यक्ष भगवानराव राजदीपला म्हणाले, "दोनातलं एक बंद करा लागते. कोनतं, ते तू सांग. आमी सांगतलं तर राजकारन होते."

राजदीपने शिकल्याप्रमाणे काम केलं. दोन्ही युनिटांची बलस्थानं आणि उणिवा, पुढच्या संधी आणि धोके लिहून काढले. मग तक्ता आखला. यंत्रांचं वय, वीज, रस्ता, कापसाची आवक, मजूर. कोणता निकष किती महत्त्वाचा ते ठरवून त्याप्रमाणे गुण दिले. मजुरांच्या रकान्यात सावरखेड पुढे गेलं, कारण शेजारच्या बंजारा तांड्यातली माणसं दर हंगामात न चुकता कामाला यायची. बाकी सगळीकडे दारव्हा वरचढ. त्याने निकषांचं महत्त्व खालीवर करून पाहिलं, तरी उत्तर तेच आलं. बापाचं युनिट बंद करायला सांगताना त्याला वाईट वाटलं. थोडं हायसंही वाटलं, कारण हे आपण नाही, तक्ता सांगतोय, असं म्हणता येत होतं.

संचालक मंडळाने ठराव केला आणि हंगाम तोंडावर येईपर्यंत कुठे बोलायचं नाही असं ठरवलं. बातमी फुटली असती तर शेतकऱ्यांनी आधीच दुसरीकडे बोलणी केली असती. राजदीपला ते पटलं. त्याचा बाप त्याच युनिटचा कामगार, तेव्हा आपण तर जास्तच जपलं पाहिजे, असंही त्याला वाटलं.

दसऱ्याच्या आसपास एका संध्याकाळी गुलाबसिंग घरी आला. तांड्यातल्या मजुरांची टोळी तोच जिनिंगवर आणायचा. बळीरामची आणि त्याची दोस्ती तरुणपणापासूनची. राजदीप आत जेवत होता आणि आई, नलू, त्याला वाढत होती. ओसरीवरचं बोलणं आत स्पष्ट ऐकू येत होतं.

"ऊसतोडीचा मुकादम येऊन बसला हाये तांड्यात," गुलाबसिंग म्हणाला. "टोळी मांगते. औंदा आपलं जिनिंग सुरू होईन ना?"

"होईन ना. काहून नाही होईन? दरसाल होते."

"पोराले इचार एकडाव."

बळीराम हसला. "काही अस्तं तर त्यानं मले सांगतलं नसतं काय?"

राजदीपचा घास हातातच राहिला. बाहेर जावं, गुलाबसिंगकाकांना बाजूला घ्यावं आणि इतकंच म्हणावं की मुकादमाला नाही म्हणू नका. एवढं त्याला सुचलं होतं. पण तेवढ्यानेही सगळं कळलं असतं. मग बाबांना तरी नंतर सांगू, असं त्याने ठरवलं. नंतरही सांगितलं नाही. ऊसतोडीच्या गाड्या तांड्यातून रिकाम्या गेल्या.

दिवाळी झाल्यावर युनिटच्या फाटकावर नोटीस लागली. कामाला आलेल्या बाया ती वाचता येणारं कोणी शोधत उभ्या होत्या, तेवढ्यात बळीराम सायकलवरून आला. त्याने नोटीस वाचली आणि त्यालाच ती मोठ्याने वाचून दाखवावी लागली. गुलाबसिंग मागे उभा होता. ऐकून झाल्यावर तो तांड्याकडे चालू लागला.

ऊसतोडीची वेळ गेली होती. जे काम मिळालं ते घ्यावं लागलं, आणि तांड्यातली निम्मी घरं वणीकडे वीटभट्टीवर गेली. गुलाबसिंगची बायको सोनीबाई तिथून परतली ती दमा घेऊन. पोरगा साहेब असताना बापाला माहीत नव्हतं, हे तांड्यात कोणालाच खरं वाटलं नाही.

दारव्ह्याचं जिनिंग मात्र चाललं. आजूबाजूच्या सोसायट्या बंद पडत असताना ही तगली. भगवानराव चार लोकांत राजदीपचं नाव घेत.

बळीरामला दारव्ह्याला बदली मिळत होती. त्याने घेतली नाही. एकदा राजदीपने विषय काढला तेव्हा तो म्हणाला, "मले सांगतलं असतं त मी गुलाबसिंगले सांगतलंच असतं. म्हनूनच नाही सांगतलं ना तू?"

"हो, बाबा."

"मंग सोसायटीसाठी बरोबर केलं तू."

त्याच्या आवाजात राग नव्हता. तो असता तर राजदीपला सोपं गेलं असतं.

उन्हाळ्यात राजदीप तांड्यावर गेला. सोनीबाई बाजेवर बसून श्वास ओढत होती. गुलाबसिंगने त्याला बसायला दिलं, पाणी दिलं.

"काका, बाबांना खरंच माहीत नव्हतं. मी त्यांनाही सांगितलं नव्हतं. तुम्ही घरी विचारायला आला होतात तेव्हा मी आत होतो."

गुलाबसिंगने विचारलं, "आत होता? आन आयकून राह्यलता?"

राजदीपने होकारार्थी मान हलवली.

"म्या बळीरामले खोटा म्हनलं बाप्पा. साऱ्या तांड्यासमोर." एवढंच बोलून तो उठला आणि सोनीबाईला पाणी द्यायला गेला.

पुढच्या बाजाराच्या दिवशी तो बळीरामकडे आला. दोघांनी चहा घेतला. पाण्यापावसाचं बोलले, नातवंडांचं बोलले. जिनिंगचं नाव कोणीच काढलं नाही. त्यानंतर लग्नकार्यात ते भेटत राहिले, एकमेकांची खुशाली पुसत राहिले. पण कामाला कुठं जावं, कोणाच्या शब्दावर थांबावं, हे विचारायला तांड्यातलं कोणी बळीरामच्या ओसरीवर पुन्हा आलं नाही.