गट्टूंखाली दोन उन्हाळे

मित्रांनो, मी एक जुना पाइप आहे. तुम्ही म्हणाल, पाइपाचं कसलं आलंय आत्मवृत्त! नळाचा पाइप असतो तर गोष्ट वेगळी होती. पण माझ्यातून पाणी येत नाही, उलट माझ्यातच ओतावं लागतं. मी अर्थिंगचा पाइप. सोनपेठच्या बसस्थानकामागं ‘गोदाई निवास’ नावाची आठ खोल्यांची दुमजली इमारत आहे. तिच्या अंगणात मी आठ फूट खोल गाडलेला आहे. एकोणीस वर्षांत मी जागचा हललो नाही, तरी माझ्या डोक्यावर जे घडलं ते आठवलं की आजही माझ्या लोखंडी अंगावर काटा येतो.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला, ते मला ठाऊक नाही. मला आठवतं ते परभणीचं एक हार्डवेअरचं दुकान, आणि तिथून मला टेम्पोत घालून आणणारा दत्ता वायरमन. दत्तानं खड्डा खणून मला उभं केलं आणि माझ्याभोवती मीठ आणि कोळसा यांचे थर भरले. लोणचं मुरत घालावं तसं त्यानं मला मुरत घातलं. आठही खोल्यांमधून येणारी एक जस्ती पट्टी त्यानं माझ्या गळ्याशी घट्ट आवळली. वर विटांचा चौकोन बांधला आणि त्यावर लोखंडी झाकण ठेवलं.

तेव्हा बांधकामावर पाणी मारायला तानुबाई होती. दत्ता तिला म्हणाला, “मावशी, ह्याला उन्हाळ्यात रोज पाणी घालावं लागतंय बरं का. आपली काळी माती वाळली की भेगाळती. मातीनं ह्याला सोडलं, की ह्यो बिनकामाचा.”

“म्हंजी झाडावाणीच की,” तानुबाई म्हणाली.

“झाडावाणीच. फकस्त ह्याचं फळ दिसत न्हाई.”

माझं फळ कोणतं, ते आधी सांगतो, म्हणजे पुढचं सगळं समजेल. वीज मोठी चुकार असते. कूलरच्या मोटारीत पाणी शिरलं किंवा उंदरानं वायर कुरतडली, की ती वायर सोडून पत्र्यात उतरते आणि जमिनीकडं जायची वाट शोधते. ती वाट म्हणजे मी. मी धड असलो तर ती पट्टीवरून गुपचूप माझ्याकडं येते, वर फ्यूज उडतो आणि माणसाला कळतसुद्धा नाही. मी धड नसलो, तर त्या पत्र्याला ज्याचा हात लागेल, तो माणूसच तिची वाट होतो.

इमारत उभी राहिली आणि तानुबाई तिथंच झाडलोट करायला राहिली. सकाळी अंगण झाडून झालं, की ती माझं झाकण उचलायची आणि एक बादली पाणी माझ्या तोंडात ओतायची. “पी बाबा,” म्हणायची. किरायदार हसायचे, “तानुबाई नळीला आंघोळ घालायली.” ती म्हणायची, “हसा. ज्याचं त्याला म्हाईत.” सतरा उन्हाळे तिनं माझा एक दिवस चुकवला नाही. चुलतभावाच्या लेकीचं लग्न होतं, तरी दोन बादल्या ओतून मगच बोरीच्या एसटीत बसली होती.

एकदा वरच्या मजल्यावरच्या मिक्सरमध्ये वीज उतरली. मी ती झेलली आणि फ्यूज उडाला. दत्तानं माझ्या झाकणावर दोनदा थोपटलं आणि म्हणाला, “ह्यानं वाचिवलं.” एकोणीस वर्षांत माझं झालेलं कौतुक एवढंच. पण मी ते अजून जपून ठेवलंय.

पुढं मालक वारले. इमारत त्यांच्या लेकीच्या, राजेश्रीच्या नावावर झाली. ती पुण्याला. तिनं देखभालीचा जिम्मा व्यंकटरावांकडं दिला. व्यंकटराव एका पतसंस्थेतून कारकून म्हणून निवृत्त झालेले. माणूस वाईट नव्हता, हे आधीच सांगतो. एका पैशाची अफरातफर नाही, किरायदारांना कधी वेडावाकडा शब्द नाही. त्यांची खोड एकच. राजेश्रीला दर महिन्याला मोबाइलवर फोटो पाठवायचे आणि तिच्याकडून शाबासकी घ्यायची. हळूहळू असं झालं, की जे फोटोत दिसेल तेवढंच दुरुस्त होऊ लागलं. फाटकाला सोनेरी भाले बसले. कमानीवर रात्री लुकलुकणारं नाव आलं. जिन्याखालची ओल मात्र तशीच राहिली, कारण तिथं फोटो काळा येतो.

मी तर फोटोत येणं शक्यच नव्हतं. आणि आलो, ते नेमकं नको तिथं आलो.

मागच्या वर्षी फाल्गुनात राजेश्री इमारत बघायला येणार होती. व्यंकटरावांनी अंगणात सिमेंटचे फरसबंदीचे गट्टू बसवायला काढले. लाल आणि पिवळे, नागमोडी. सगळं अंगण भरत आलं आणि मधोमध राहिलं माझं गंजकं झाकण. व्यंकटरावांनी मोबाइल धरून बघितलं, तोंड वाकडं केलं आणि मजुरांना म्हणाले, “ह्ये काडून टाका. वरून गट्टू घ्या.”

तानुबाई झाडू टाकून धावत आली. “आवं अण्णा, ह्याच्यावर कामून गट्टू घालायलाव? त्याला पाणी लागतंय!”

“तानुबाई, तुमी झाडायचं बगा. इतक्या चांगल्या अंगणात ह्ये भगदाड शोभतंय का?”

“शोभंचं न्हाई ओ, दत्तानं सांगितलतं…”

“सतरा वर्सांत काही झालं का?”

मित्रांनो, काही झालं नव्हतं ते तिच्या बादलीमुळं, हे तिथं सांगणार कोण? मजुरानं विटांचा चौकोन फोडायला पहार उचलली. दुसऱ्या घावाला पहार माझ्या गळ्याशी बसली आणि पट्टी तुटली. मजुराला तो गंजका तुकडा वाटला. त्यानं तो पायानं बाजूला सारला, वर वाळू ओढली, आणि गट्टू ठोकून बसवले. मला अंधार झाला. वर व्यंकटराव फोटो काढत म्हणाले, “वा! आता कसं भारी दिसतंय!”

मी हादरलो होतो. आठ घरं माझ्या भरवशावर होती, आणि आता माझा त्यांच्याशी काही संबंधच उरला नव्हता. पण पाइपाला वाचा कुठली?

त्यानंतर मला दिसलं काही नाही, नुसतं ऐकू आलं; ते आणि नंतर लोकांच्या बोलण्यातून कळलं ते जोडून सांगतो. पहिल्या उन्हाळ्यात कूलर सुरू झाले आणि आठच दिवसांत तक्रारी लागल्या. कूलरला हात लावला की झिणझिणतंय. एकाच खोलीत नाही, सगळ्याच खोल्यांत. व्यंकटरावांनी यावर काय उपाय केला असेल, सांगा बरं? बाजारातून रबरी चपलांचे आठ निळे जोड आणले आणि एकेक कूलरपाशी ठेवले! कूलरमध्ये पाणी भरायचं, तर आधी ती चप्पल पायात घालायची. लोकांनाही त्याचं काही वाटेना. “कूलरची चप्पल कुटं गेली गं?” असं घराघरांतून ऐकू यायचं. ते ऐकून मी सुन्न व्हायचो. साक्षात मरण घरात येऊन बसलंय, आणि ही माणसं त्याच्यासाठी चपला ठेवतायत!

तळमजल्यावर धम्मशीला राहते. ती दवाखान्यात नर्स आहे. ती एकटी या चपलांवर खूश नव्हती. तिनं दोनदा सांगितलं, “अण्णा, वायरमनला बोलवा. करंट चपलेनं जात नसतो.”

“बोलावतो की मॅडम. आदी रंग होऊन जाऊ द्या.”

हे वाक्य यंदाच्या चैत्रातलं. राजेश्री पुन्हा येणार होती, म्हणून बाहेरून रंग चालला होता. रंग झाला, पाटी झाली, फाटकाच्या भाल्यांवर दुसरा हात झाला. वैशाख निम्मा गेला. दत्ताला फोन करायला कुणालाच सवड झाली नाही.

त्या दिवशी सकाळी तानुबाई तळमजल्याचा व्हरांडा पुसत होती. धम्मशीलाच्या दारात लोखंडी स्टँडवर कोरा करकरीत कूलर होता, आदल्याच दिवशी आणलेला. त्याच्याजवळ निळ्या चपला होत्या. पण पुसलेल्या फरशीवर चप्पल घालून कोण चालतं? ठसे उमटतात. आणि आज तर राजेश्री यायची होती. तानुबाई अनवाणी होती, फरशी ओली होती, हात ओले होते. स्टँडखालचं पुसायला तिनं एका हातानं स्टँडचा पाय धरला.

मला बादली आपटल्याचा आवाज आला. ओरडणं आलं नाही. विजेनं धरलेल्या माणसाला ओरडता येत नाही, हे मला त्या दिवशी कळलं.

ओरडली ती धम्मशीला. “कुणी हात लावू नका! हात लावू नका म्हणते ना!” अंगणातून व्यंकटराव धावले होते, ते तानुबाईला ओढणारच होते. धम्मशीलानं त्यांना ढकललं, जिन्याखाली पळत जाऊन मेन स्विच खाली ओढला. आठही कूलर एकदम गप्प झाले. मग नुसता धम्मशीलाचा आवाज, तानुबाईची छाती दाबताना मोजणारा. एक, दोन, तीन, चार. तीसपर्यंत. पुन्हा एकपासून. मी आठ फूट जमिनीत तिच्याबरोबर मोजत होतो. सतरा वर्षं जिनं मला पाणी पाजलं, तिच्या हाताआधी माझा हात पुढं व्हायला हवा होता, आणि मी वाळूत मुक्यानं उभा होतो. किती वेळ गेला, देव जाणे. मग धम्मशीला रडत म्हणाली, “आला. श्वास आला. गाडी बोलवा.”

गाडी गेल्यावर व्यंकटराव पुसलेल्या फरशीवरच बसले. “पर कूलर तर कालच आणलेला,” एवढंच ते पुन्हा पुन्हा म्हणत होते. “नवा कूलर हाय. नव्या कूलरला करंट कसा येतो?”

दुपारी दत्ता आला. आता केस पिकलेले, पण बोलणं तसंच मोजकं. त्यानं खोल्या तपासल्या आणि खाली येऊन म्हणाला, “नव्या कूलरचा काई दोष न्हाई. वर सात नंबरच्या जुन्या कूलरची मोटार गेलीय. तिथला करंट अर्थिंगच्या तारंत उतरला, आन् तिथून आठी कूलरांच्या पत्र्यात गेला. अर्थिंग असतं तर जमिनीत गेला असता. अर्थिंगचा पाइप कुठाय?”

त्याची पावलं गट्टूंवरून फिरली आणि बरोबर माझ्या डोक्यावर थांबली.

“अण्णा, म्या हितं गाडलेला पाइप कुठाय?”

मग माझ्या डोक्यावर पहारीचे घाव पडले. ते मजुराचे नव्हते, हे त्यांच्या वेडेवाकडेपणावरून कळत होतं. लाल, पिवळे गट्टू उखडत व्यंकटराव स्वतः मला शोधत होते, आणि एकदम माझ्यावर ऊन पडलं. चौदा महिन्यांनी! दत्तानं वाळूत हात घातला आणि तुटक्या पट्टीचं टोक बाहेर काढलं. ते माझ्यापासून जेमतेम वीतभर लांब होतं.

“इतकंच?” व्यंकटराव म्हणाले. “इतकंच तुटलं हुतं?”

“इतकंच,” दत्ता म्हणाला. “दोन उन्हाळे ह्यी बिल्डिंग देवाच्या भरवशावर उभी हाय.”

तेवढ्यात राजेश्रीची गाडी आली. व्यंकटराव मातीच्या हातांनी उभे राहिले आणि तिनं काही विचारायच्या आधी म्हणाले, “ताई, तुमाला म्या जे फोटू धाडले, ते सगळे खरे हुते. पर जे बगायला पायजे हुतं, त्याचा येक बी फोटू नव्हता.” राजेश्री उखडलेल्या गट्टूंवरून पुढं आली. मग म्हणाली, “मी तरी कधी दुसरं काही मागितलं?” आणि तिथूनच ती दवाखान्यात गेली.

दत्तानं नवी पट्टी जोडली, ताजं मीठ आणि कोळसा भरला, आणि विटांचा चौकोन पुन्हा बांधून झाकण ठेवलं. वीज गळाली की क्षणात बंद करणारा एक स्विच मेनजवळ बसवला. कमानीवरच्या लुकलुकत्या नावाला जेवढा खर्च आला होता, त्याच्या निम्म्यातच हे सगळं झालं.

तानुबाई महिनाभरानं परत आली. उजव्या हाताची दोन बोटं गेली होती. दवाखान्याचा खर्च राजेश्रीनं केला, पण बोटं कुणाला आणता आली नाहीत. ती आली तेव्हा व्यंकटराव माझ्यात पाणी ओतत होते. ते आता रोजच ओततात. तिनं डाव्या हातानं त्यांच्याकडून बादली घेतली, उरलेलं पाणी ओतलं आणि म्हणाली, “पी बाबा.”

मित्रांनो, माझी एकच विनवणी आहे. आज घरी गेलात की मोठ्यांना विचारा, आपलं अर्थिंग कुठं आहे? कुणालाच सांगता आलं नाही, तर गप्प बसू नका. रंग पुढच्या वर्षी दिला तरी भिंत काही बोलत नाही. आणि घरात कूलरची चप्पल असेल, तर ती फेकायच्या आधी वायरमनला बोलवा. ज्या माणसाच्या हातात झाडू असतो, त्याला घराचं जेवढं ठाऊक असतं तेवढं मालकालाही नसतं.

हे शेवटचं वाक्य माझं नाही, व्यंकटरावांचं आहे. तानुबाई परत आली त्या दिवशी तिनं रिकामी बादली खाली ठेवली, तेव्हा ते हे बोलले आणि खाली मान घालून त्यांनी विचारलं होतं, “तानुबाई, आनखी काई सांगायचं ऱ्हायलंय का? तवा ऐकलं न्हाई म्या.”

“लय हाय,” तानुबाई म्हणाली. “चला.”

तिची अनवाणी पावलं जिन्याकडं गेली आणि त्यांच्या मागोमाग व्यंकटरावांची. मोबाइल तिथंच, माझ्या झाकणाजवळ राहिला होता. वरच्या मजल्यावर पावलं थांबली. कठडा कुणीतरी हलवला, तो खुळखुळला.

“आता ह्ये बगा,” तानुबाई म्हणाली.