अडकलेला धवला

बदलापूर गावात वेणूआजीच्या तोंडाला कुणी लागत नसे. तोंड फाटकं, पण गळा असा की भांडायला आलेली बाईसुद्धा उंबऱ्यात टेकून ऐकत बसायची. आजी धवलारीण होती. आगऱ्यांच्या घरी लग्न निघालं की धवलारणीला आधी आवतण जातं. तिनं धवला गाऊन देवांना मांडवात बोलावलं की मग नवरीच्या अंगाला हळद लागते. वेणूआजीला येत होता तेवढा लांब धवला पंचक्रोशीत दुसऱ्या कुणाला येत नव्हता, आणि धवल्याचा शेवट, म्हणजे नवरीची पाठवणी, तर तिच्या एकटीच्याच पोटात होती. ती गाऊन झाली की आजी चिमूटभर तांदूळ नवरीच्या डोक्यावर टाकायची आणि तोंड फिरवून डोळे पुसायची.

"मशीनमदी भरून ठेव गो बाय," ती नातीला म्हणाली. "तुझे हलदीला मी आसंन नसंन, माझा आवाज तरी आसंल."

नात म्हणजे मनाली. उल्हासनगरला कॅम्प तीनमध्ये लग्नाचे व्हिडिओ काढणाऱ्या एका सेठकडे ती आवाज साफ करायचं काम करायची. तिथल्याच बाजारातून एकेक भाग पारखून तिनं घरी कॉम्प्युटर जुळवला होता, त्यावर लिनक्स घातलं होतं, आणि त्याचा तिला कोण तोरा! आता तुम्ही म्हणाल, एवढ्यासाठी मोबाइल नव्हता का? होता हो. तिचा भाऊ कल्पेश कानीकपाळी ओरडतच होता, "अगं मोबाइलवर घे ना, कशाला भाव खातेस?" पण बाईसाहेब म्हणाल्या, "माझ्या आजीचा आवाज मी डब्यात बोलल्यासारखा घेणार नाही." प्रेमच ते, पण प्रेमालाही कधी कधी अक्कल नसते.

रविवारी दुपारी खिडक्या लावल्या, पंखा बंद केला. आजी पाटावर बसली, मुठीत तांदूळ घेतले आणि सुरू झाली. गाण्यात देव आले, कुळं आली, हळद दळायला घेतली. आणि पडद्यावर आवाजाची हिरवी रेघ पळत होती ती जागच्या जागी थांबली. माऊस हलेना. कीबोर्ड ढिम्म.

"आजी, थांब थांब! अडकलं."

"काय झाला? झोपला काय तुझा डबा?"

मनालीनं बटन दाबून धरलं, मशीन बंद केलं, पुन्हा सुरू केलं. अर्धवट फाइल उघडेचना. तिनं ती 'रद्दी' नावाच्या फोल्डरात ढकलली आणि म्हणाली, "आजी, हळदीपासून धर."

"मधून कसा धरू? बोलावलेले देव काय वाटंत उबे ठेवू?" आजीचा नेमच तो. धवला तुटला की पुन्हा पहिल्या देवापासून.

तिथून पीडा मागे लागली. रोज अडकलं असतं तर बरं होतं, निदान पकडता आलं असतं. पण हे कधीमधी! दवाखान्याच्या पायरीवर दात दुखायचा थांबावा तसं, शोधायला बसलं की मशीन शहाण्यासारखं चालायचं आणि आजी गायला बसली की कधीतरी नेमकं गोठायचं. मनालीनं मेमरीच्या पट्ट्या काढून खोडरबरनं घासल्या. वायर बदलली. मशीन आपल्या कारभाराची लिहून ठेवतं ती नोंद वाचली, तर बंद केल्यापाशी ती नुसती तुटलेली. सगळं एकदम बदललं तर दोष कुठला ते कळत नाही, म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलायची, मग आजीला गायला बसवायचं आणि वाट बघायची. पद्धत बरोबर होती, त्यात काही खोट काढता येणार नाही. फक्त दर वेळी पहिल्या देवापासून गात होती ती एक म्हातारी. तिचा श्वास हळदीपाशीच तुटायला लागला होता आणि मनालीचं लक्ष पडद्यावर होतं.

दिवाळीच्या तोंडावर आजीला झटका आला. उजवं अंग गेलं आणि वाचा गेली. अंबरनाथच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा ती नुसती बघत होती. अख्ख्या गावाला गप्प करणारी बाई, तिला पाणी मागता येईना. मनाली मोरीत जाऊन नळ सोडून रडली.

मशीनकडे बघवत नव्हतं, पण सेठचं काम थोडंच थांबतं? एका सकाळी ते पुन्हा गोठलं. फोनवर राजसी होती, अंबरनाथची तिची मैत्रीण, असल्याच कामातली. मनाली बटनाकडे हात नेत होती तोच राजसी ओरडली, "दाबू नकोस गं! लॅपटॉप जोडून त्यावरून मशीनच्या आत शिरून बघ. पुष्कळदा नुसता पडदा गोठतो, आत मशीन जागं असतं."

मनाली आत शिरली. मशीन खरंच जागं होतं, सगळी कामं चालू होती. ग्राफिक्स कार्डाची तक्रार नोंदीत स्वच्छ लिहिलेली होती. एक सेटिंग बदललं आणि दुखणं गेलं ते कायमचं. बैल गेला नि झोपा केला.

मग तिला दर वेळी बाजूला टाकलेल्या अर्धवट फाइली आठवल्या. आत जागं असतं म्हणजे?

तिनं रद्दी उघडली. फाइली रिकाम्या नव्हत्याच. मध्येच वीज तोडल्यामुळे आवाज किती लांब आहे ते फाइलीत लिहायचं राहिलं होतं, म्हणून उघडत नव्हत्या. तिनं ते दुरुस्त केलं आणि हेडफोन लावला. आजी गात होती. पडदा गोठला त्याच्या पुढेही गात होती, ठणठणीत, एक सूर इकडचा तिकडे नाही. आणि मग मनालीचाच आवाज आला: "आजी, थांब थांब! अडकलं." प्रत्येक फाइलच्या शेवटी तेच. यंत्र ऐकत होतं. गाणं तोडत होती ती मनाली.

सगळ्यात शेवटच्या फाइलीत आजी धापा टाकत पाठवणीपर्यंत पोचली होती. पहिली ओळ झाली, आणि "थांब थांब!" त्यावर आजीचं दमलेलं हसू, "आता तं आला व्हता गो शेवट."

मनालीनं ती फाइल आजीच्या उशाशी लावली. सांगायला हवं होतं, पण कुठल्या तोंडानं सांगणार? आजीनं डोळे मिटले. डाव्या हाताची बोटं चादरीवर ताल धरू लागली. देव आले, हळद लागली, पाठवणीची ओळ आली. "आजी, थांब थांब!" आणि बोटं थांबली, सांगितल्यासारखी.

"नको गं थांबू," मनाली हुंदक्यात म्हणाली. "आजी, चुकलं माझं. तू थांबू नको."

आजीनं डोळे उघडले, नातीकडे पाहिलं. बोटं पुन्हा हलू लागली. ओठही हलत होते, आवाज नव्हता. अख्खी पाठवणी झाली. मनाली ओठांपाशी कान नेऊन बसली, तिला एक शब्द कळला नाही. मग बोटं थांबली. आजीनं रिकामी चिमूट कशीबशी उचलली, मनालीच्या डोक्यावर सोडली आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.