मशिदीएवढी शांतता

"इथं थांबायचं, वीरभद्रप्पा!" फिलोमिनाबाईंनी पियानोवरचे हात उचलले. "तुम्ही पुन्हा वाजवलंत."

"थांबलं की लोकं म्हणतेत, बँडवाल्याचा दम संपला."

सन छत्तीस. गुलबर्ग्याच्या रेल्वे इन्स्टिट्यूटमध्ये रविवारी जलसा होता. क्लॅरिनेट वाजवणारे तारबाबू बदलून गेले, म्हणून गार्डसाहेबांच्या या गोवेकर पत्नीनं वरातीच्या बँडमधल्या वीरभद्रप्पाला बोलावलं होतं. कागदावरचे सूर त्याला वाचता येत नसत. पण एकदा ऐकलेलं बोटांत बसे. बाईंनी जलशासाठी निवडलेली फ्रेंच रचना पाच दिवसांत बसली. बसत नव्हत्या त्या तिच्यातल्या रिकाम्या जागा. पियानो एकटा चालायचा तेव्हा गप्प राहायचं आणि नेमक्या क्षणी हळूच उगवायचं.

"हे गाणं नव्हे. पाण्यावर हलणारं ऊन आहे," बाई म्हणाल्या.

"आमी ऊन आलं की कलारनेट सावलीत ठिवताव, बाई."

बाई हसल्या, पण पियानोचं झाकण लावताना म्हणाल्या, "उद्या जमलं नाही, तर मी एकटीच काहीतरी वाजवीन."

घरी निलम्मानं भाकरी वाढता वाढता नवऱ्याची हजेरी घेतली. "साहेबांपुढं खुर्चीवर बसून वाजिवणार म्हणून गावभर सांगून आलाव. माझ्याशी आठ आठ दिस बोलत न्हाईत, अन् तिथं घटकाभर गप बसायला येईना व्हय?"

"घरी मोजावं लागत न्हाई."

"मशिदीपुढं मोजताव की!"

वीरभद्रप्पाचा घास हातातच राहिला. वरात मशिदीपुढं आली की रिवाजानं वाजवणं बंद. बँडवाले पावलं मोजत मुकाट चालत, बोटं तेवढी भोकांवर फिरत, आणि मशीद ओलांडली की सगळे एका दमात गाणं उचलत. तिथं तो तीस वर्षांत एकदाही चुकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी त्यानं आधी विचारलं, "बाई, ही जागा थोरल्या मशिदीएवढी हाय का धाकट्या?"

त्यानं मशिदीचा रिवाज समजावून सांगितल्यावर बाईंनी ती जागा वाजवली. तो जागच्या जागी पावलं टाकत राहिला. "थोरली. साठ पावलं. अन् पुढची धाकटी, अठ्ठावीस." दोन्हीकडे सूर बरोबर जागी उगवला. बसून मात्र एकदाही जमलं नाही.

रविवारी त्यानं खुर्ची स्वतःच बाजूला सारली. अनवाणी पावलं जागीच चालू लागली तशी पुढच्या रांगेत कुणीतरी खुदकन हसलं. बाईंची बोटं थांबली नाहीत. अठ्ठावन्न, एकोणसाठ, साठ. आणि सूर असा आला, की तो कधी सुरू झाला ते कुणाला कळलं नाही. मग कुणी हसलं नाही.

शेवटचा सूर विरला. टाळ्यांच्या आवाजात बाई कुजबुजल्या, "वाका, वीरभद्रप्पा. नमस्कार करा."

तीस वर्षं तो वरातीच्या पुढं चालला होता. ऐकणारे कायम पाठीमागं. ऐकल्यावर माणसांची तोंडं कशी होतात, ते त्यानं पाहिलंच नव्हतं.

"थांबा बाई," तो म्हणाला, "जरा बघू द्या."